दाद नेमकी कशाला देतोय आपण?

ऑस्ट्रियन संगीतकार शूबर्टचा शेवटचा पियानो सोनाटा (म्हणजे अनेक भागांची मोठी रचना), बी फ्लॅट मेजर, डी 960 (हा शूबर्टच्या रचनांच्या यादीतला क्रमांक). सुरुवातीची चाल सात बार (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा एक तुकडा) अगदी शांतपणे जाते, कोणीतरी मनातल्या मनात प्रार्थना म्हणतंय असं वाटतं, आणि आठव्या बारला खाली, पियानोच्या पार खर्जात, एक ट्रिल येतो. ट्रिल म्हणजे शेजारशेजारचे दोन स्वर भराभर आलटून पालटून वाजवायचे, एरवी हा दागिन्यासारखा वापरतात, वरच्या पट्टीत चमकतो आणि संपतो. इथं तो डाव्या हातात आहे, आणि इतका खाली, इतक्या हळू आवाजात की सूर ऐकू येण्याआधी घरघर ऐकू येते, लांब कुठंतरी ढग गडगडल्यासारखी. मग शांतता. मग तीच चाल पुन्हा सुरू होते, जणू मधे काही झालंच नव्हतं.

हा एकच बार मी बऱ्याच जणांच्या हातून ऐकलाय. कोणी दोन्ही स्वर मोजता येतील इतका स्वच्छ वाजवतं, कोणी पेडलमधे (ज्यानं सूर घुमत राहतात) बुडवून त्याचा नुसता अंधार करतं, आणि कोणाचा ट्रिल साधाच असतो पण त्याच्यानंतरची शांतता अशी ताणलेली असते की आपला श्वास अडकतो. पियानिस्टनं हा सोनाटा कसा समजून घेतलाय ते इथंच कळायला लागतं, म्हणजे तो ट्रिल ही येणाऱ्या संकटाची चाहूल आहे, की त्या प्रार्थनेचाच एक भाग आहे, की फक्त एक आवाज आहे ज्याला काही अर्थ लावायची गरज नाही. शूबर्टनं हा सोनाटा सप्टेंबर 1828 मधे पूर्ण केला आणि 19 नोव्हेंबरला तो गेला, वय 31. त्यामुळे त्या ट्रिलमधे मृत्यू ऐकू येणं साहजिक आहे, पण तो तिथं वाजवायचाच असा काही नियम नाही.

आता मला जे खुपतं ते सांगतो. ह्या सोनाटाच्या थोर वादनांबद्दल लोक भरभरून बोलतात, पण ह्या ट्रिलबद्दल फार कमी बोलतात. बोलणं असं असतं की रिश्टर (सोव्हिएत पियानिस्ट स्व्यातोस्लाव रिश्टर) म्हणजे देव, रिश्टरनंतर हा सोनाटा कोणी वाजवूच नये, आता तसे पियानिस्ट राहिले नाहीत, ते दिवसच वेगळे होते. हे सगळं मनापासून असतं, ह्यात मला अजिबात शंका नाही, मी स्वतः वर्षानुवर्षं असंच बोलत आलोय. पण असं बोलताना आपण नेमकी कशाला दाद देतोय? रिश्टरच्या पहिल्या मूव्हमेंटला, म्हणजे सोनाटाच्या पहिल्या स्वतंत्र भागाला, चोवीस मिनिटांच्या वर वेळ लागतो, बाकीचे बहुतेक जण सगळी रिपीट (पुन्हा वाजवायला सांगितलेला भाग) घेऊनही विसेक मिनिटांत संपवतात, म्हणजे त्यानं काहीतरी प्रचंड धाडसाचा निर्णय घेतला होता. तो निर्णय पटतो का, कुठं पटतो, कुठं चाल इतकी सावकाश होते की तिचा धागा सुटायला लागतो, हे बोलायला नको का? देव म्हटलं की हे सगळं बोलणंच बंद होतं.

आणि हा नुसता आवडीनिवडीचा प्रश्न नाही असं माझं ठाम मत आहे. श्रोते ज्याला दाद देतात तेच पुढच्या पिढीच्या पियानिस्टना वाजवावं लागतं. स्पर्धेत कोण पुढं जातो, कोणाला कॉन्सर्ट मिळतात, कंपनी कोणाचं रेकॉर्डिंग काढते, हे सगळं शेवटी हॉलमधे आणि हेडफोन लावून बसलेल्या माणसाच्या पसंतीवर येऊन ठरतं. आपण स्वच्छपणाला टाळ्या दिल्या तर स्वच्छपणा मिळेल, वेगाला दिल्या तर वेग मिळेल, आणि गेलेल्या माणसांच्या नावांनाच दिल्या तर जिवंत माणसांच्या वाट्याला फक्त तुलना येईल.

रेकॉर्डिंग नव्हतं तेव्हा दाद कशी असायची त्याचं एक उदाहरण मला फार आवडतं. 1836 मधे पॅरिसला हंगेरियन पियानिस्ट आणि संगीतकार लिस्टनं बीथोवनचा हॅमरक्लाव्हियर सोनाटा वाजवला, ओपस 106. हा सोनाटा छापून आला होता 1819 मधे आणि तोवर तो वाजवता येण्यासारखा आहे यावरच अनेकांचा विश्वास नव्हता. फ्रेंच संगीतकार बर्लिओझ ऐकायला होता, स्कोअर (रचनेची लिहिलेली प्रत) समोर ठेवून ऐकत होता, आणि त्यानं त्याबद्दल जे लिहिलं त्यात लिस्टचं कौतुक तर आहेच पण ते कशासाठी आहे तेही आहे, की ह्या माणसानं एक स्वर गाळला नाही आणि एक स्वर पदरचा घातला नाही. लिस्टची ख्याती होती दुसऱ्याच्या रचनेत स्वतःची कलाकुसर घालायची, त्यामुळे ही दाद किती नेमकी होती बघा. लिस्टनं आपला हात आवरता घेतला, समोरच्या रचनेपुढे बाजूला झाला, हे ऐकणाऱ्यानं ओळखलं आणि सांगितलं. इतकं नेमकं कौतुक करायला स्वतःला तो सोनाटा माहीत असावा लागतो, आणि तेव्हा तो माहीत करून घ्यायचा एकच मार्ग होता, स्कोअर वाचायचा आणि जमेल तसा स्वतः वाजवून बघायचा.

मग रेकॉर्डिंग आलं आणि मी काही त्याच्या विरोधात बोलणार नाहीये, मला हे सोनाटे रेकॉर्डिंगमुळेच भेटले. पियानिस्ट आर्टुर श्नाबेलनं 1932 ते 1935 ह्या काळात लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत बीथोवनचे सगळेच्या सगळे 32 सोनाटे रेकॉर्ड केले, असं करणारा तो पहिला. ह्या रेकॉर्ड्स आगाऊ वर्गणी भरलेल्या लोकांसाठी निघायच्या, म्हणजे ऐकायच्या आधीच लोकांनी पैसे दिले होते, श्रोत्यांच्या विश्वासावर उभा राहिलेला उद्योग होता तो. त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूला साधारण चार-साडेचार मिनिटं मावायची. हॅमरक्लाव्हियरची संथ मूव्हमेंट एकट्यानंच सोळा ते वीस मिनिटं घेते, म्हणजे ती चार-पाच तुकड्यांत वाजवायची, थांबायचं, पुन्हा त्याच मनःस्थितीत शिरायचं. आणि तुकडे जोडायची सोय नव्हती, एक स्वर चुकला तर ती सगळी बाजू पुन्हा वाजवायची नाहीतर चूक तशीच ठेवायची.

श्नाबेलनं बऱ्याच ठिकाणी चूक तशीच ठेवली. हॅमरक्लाव्हियरच्या पहिल्या मूव्हमेंटला बीथोवननं मेट्रोनोमचा, म्हणजे वेगाचा, आकडा लिहून ठेवलाय, मिनिटाला 138 अर्ध्या नोटा, आणि तो इतका जलद आहे की बहुतेक पियानिस्ट तो बाजूला ठेवून आपल्याला झेपेल तो टेम्पो, म्हणजे वेग, घेतात. श्नाबेल त्या आकड्याच्या जवळपास जायचा प्रयत्न करतो. बोटं अडखळतात, काही कॉर्ड (एकत्र वाजवायचे स्वर) धड लागत नाहीत, काही जागी तर चक्क गोंधळ आहे. आणि तरीही सुरुवातीच्या त्या उड्या मारणाऱ्या कॉर्ड्समधे जी झेप आहे ती मला नंतरच्या कितीतरी बिनचूक रेकॉर्डिंग्जमधे सापडलेली नाही, कारण बिनचूक वाजवायचं म्हटलं की पहिल्यांदा टेम्पो उतरतो, टेम्पो उतरला की ती रचना भव्य होते, गंभीर होते, पण बेफाम राहत नाही. श्नाबेलला चुका दिसत नव्हत्या असं नाही. त्यानं काय मिळवायचं आणि त्यासाठी काय सोडायचं हे ठरवलं होतं. त्याच्या चुका माफ करायच्या असं मी म्हणत नाहीये, त्या त्याच निर्णयाचा भाग म्हणून ऐकायच्या असं म्हणतोय.

पुढं टेप आली आणि टेप कापून जोडता यायला लागली. इथून खरा घोळ सुरू झाला. 9 मे 1965 ला प्रसिद्ध पियानिस्ट व्लादिमिर होरोविट्झ बारा वर्षांनी कॉन्सर्टच्या स्टेजवर परतला, न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमधे, लोकांनी तिकिटासाठी रात्रभर रांगा लावल्या होत्या. पहिल्याच रचनेत, बाखच्या ऑर्गनच्या टोकाटाचं बुझोनीनं केलेलं पियानो रूप, सुरुवातीलाच त्याचे स्वर चुकले. त्या संध्याकाळी त्यानं स्क्रिआबिनचा नववा सोनाटा पण वाजवला, शूमानची मोठी फँटसी वाजवली, आणि ह्या कॉन्सर्टची जी रेकॉर्ड बाजारात आली ती लोकांनी थेट मैफलीची म्हणून डोक्यावर घेतली. प्रत्यक्षात तिच्यात काही जागा दुरुस्त केलेल्या होत्या. जसं झालं तसं, चुकांसकट, ते 2003 मधे बाहेर आलं, म्हणजे अडतीस वर्षांनी.

मी दोन्ही ऐकलंय आणि मला चुकांसकटचं जास्त जवळचं वाटतं. बारा वर्षं लपून राहिलेला माणूस हजारो लोकांसमोर बसलाय, पहिलाच झटका चुकतो, आणि तो थांबत नाही, पुढच्या काही मिनिटांत हळूहळू त्याचे हात त्याच्या ताब्यात येतात हे ऐकू येतं. ही त्या संध्याकाळची खरी गोष्ट होती आणि नेमकी तीच कापून टाकली. का कापली? आपल्यासाठी. श्रोत्याला चूक चालणार नाही असं समजून.

एडिटिंग म्हणजे फसवणूक असं सरसकट म्हणणं मात्र मला पटत नाही. कॅनडाचा पियानिस्ट ग्लेन गूल्ड, त्यानं 1964 मधे कॉन्सर्ट कायमचे सोडले आणि तो उघडपणे म्हणायचा की स्टुडिओत वेगवेगळे टेक जोडून जे तयार होतं ती स्वतंत्र कला आहे. मला हे मान्य आहे, कारण तो लपवत नव्हता. बीथोवनच्या ॲपॅशनाटा सोनाटाची त्यानं वाजवलेली पहिली मूव्हमेंट इतकी संथ आहे की ओळखू येत नाही, मला ती आवडत नाही, पण तो माणूस काय करतोय ते समोर आहे आणि त्याच्याशी भांडता येतं. थेट मैफल म्हणून दुरुस्त केलेलं विकलं की भांडायलाच जागा राहत नाही, कारण आपण ज्याला दाद दिली ते घडलेलंच नसतं.

ह्याचं टोक म्हणजे जॉइस हॅटोचं प्रकरण, आणि पियानो ऐकणाऱ्या प्रत्येकानं ते लक्षात ठेवायला हवं. ही इंग्लिश पियानिस्ट 1970 च्या दशकानंतर स्टेजवर दिसली नाही, तिला कॅन्सर आहे असं सांगितलं जायचं, आणि मग तिच्या नवऱ्याच्या छोट्या कंपनीतून तिच्या नावावर शंभराहून जास्त सीडी निघाल्या. बीथोवनचे सगळे सोनाटे, मोझार्टचे सगळे, प्रोकोफिएव्हचे सगळे, लिस्ट, शोपाँ, काही शिल्लकच नाही. जाणकार लोक थक्क झाले. आजारी, म्हातारी, जगानं विसरलेली बाई घरात बसून असं वाजवते! बोलणारे तर तिला आजची सर्वांत मोठी पियानिस्ट म्हणायला लागले. ती 2006 मधे गेली. 2007 च्या सुरुवातीला कोणीतरी तिची लिस्टच्या एट्यूड्सची सीडी कॉम्प्युटरमधे टाकली आणि कॉम्प्युटरनं वादकाचं नाव दाखवलं लास्लो सिमॉन. तपासलं तर ते सिमॉनचंच रेकॉर्डिंग निघालं. मग एकेक सीडी तपासली गेली आणि दुसऱ्यांची वादनं चोरून, काहींचा वेग थोडा बदलून, तिच्या नावावर खपवलेली सापडत गेली. नवऱ्यानं शेवटी कबुली दिली.

ह्या प्रकरणात लोक नवऱ्याला शिव्या घालतात, त्या रास्त आहेत. पण मला जास्त बोचतं ते दुसरंच. ज्या स्वरांना लोकांनी अलौकिक म्हटलं तेच स्वर लास्लो सिमॉनच्या नावानं आधीपासून बाजारात होते. तेव्हा त्यांना कोणी अलौकिक म्हटलं नाही. सूर तोच, बोटं तीच, पियानो तोच, फक्त मागची गोष्ट बदलली आणि दाद बदलली. एका जिवंत, कष्ट करणाऱ्या पियानिस्टचं वादन आपण ऐकलं नाही आणि तेच वादन एका हृदयद्रावक गोष्टीत गुंडाळून दिल्यावर डोळ्यांत पाणी आणून ऐकलं. हा त्या पियानिस्टवर झालेला अन्याय आहे आणि त्यातला अर्धा वाटा श्रोत्यांचा आहे.

कान किती सहज बाजूला पडतात ह्याचा एक अभ्यास पण आहे, चिया-जुंग त्साय ह्या संशोधक आणि पियानिस्ट बाईंचा, 2013 मधे प्रसिद्ध झालेला. शास्त्रीय संगीताच्या मोठ्या स्पर्धांमधल्या शेवटच्या तिघांच्या काही सेकंदांच्या क्लिप लोकांना दिल्या आणि विजेता ओळखा म्हणून सांगितलं. काहींना फक्त आवाज, काहींना आवाजासकट व्हिडिओ, काहींना आवाज बंद करून नुसतं चित्र. विजेता सगळ्यात चांगला ओळखला तो नुसतं चित्र बघणाऱ्यांनी. जाणकार संगीतकारांचं पण तेच झालं. आणि आधी विचारलं तेव्हा बहुतेकांनी सांगितलं होतं की महत्त्वाचा असतो तो आवाजच. म्हणजे परीक्षकांनी सुद्धा, नकळत का होईना, डोळ्यांनी बक्षीस दिलं होतं. हे वाचल्यावर मी बरेच दिवस व्हिडिओ बघणं सोडून डोळे मिटून ऐकायला लागलो, आणि ज्यांच्या वादनात मला भावना दिसत होती त्यातल्या काहींच्या वादनात ती ऐकू येईना, ती चेहऱ्यावर होती.

रिश्टरला हे आधीच कळलं होतं. शेवटच्या काळात तो अंधाऱ्या हॉलमधे वाजवायचा, स्कोअरवर एक छोटा दिवा, बाकी काळोख, लोकांनी आपले हात आणि चेहरा न बघता ऐकावं म्हणून. ज्याला आपण देव म्हणतो त्यानंच आपल्याला सांगितलं होतं की माझ्याकडे बघू नका.

आता ह्यावर एक आक्षेप येईल आणि तो हलका नाही, मलाही तो छळतो. माणसाची गोष्ट बाजूला काढून संगीत ऐकता येतं का? रोमानियन पियानिस्ट दिनू लिपाटीचा शेवटचा कार्यक्रम घ्या, 16 सप्टेंबर 1950, फ्रान्समधलं बेझाँसों. हॉजकिन्सच्या आजारानं (हा एक कॅन्सर) तो खंगला होता, डॉक्टर नको म्हणत होते, तरी तो वाजवायला बसला. मोझार्टचा ए मायनर सोनाटा, के 310, त्या कार्यक्रमात आहे. शेवटी शोपाँचे वॉल्ट्झ वाजवायचे होते, चौदा, त्यातले तेरा झाले आणि चौदावा वाजवायची ताकद उरली नाही. थोड्या वेळानं त्यानं बाखची एक छोटी प्रार्थना वाजवली आणि उठला. अडीच महिन्यांत तो गेला, वय 33. हे माहीत असताना ते रेकॉर्डिंग नुसते सूर म्हणून कोण ऐकू शकेल, आणि का ऐकावं?

मी पण ऐकू शकत नाही. पण लिपाटीच्या त्या मोझार्टमधे एक गोष्ट आहे जी गोष्टीतून येत नाही. पहिल्या मूव्हमेंटची चाल डाव्या हाताच्या ठोकळ्यासारख्या कॉर्ड्सवर उभी आहे, सतत, न थांबता, आणि तो डावा हात कुठंही रडका होत नाही, थकलेला वाटत नाही, ठाम आणि समान चालत राहतो आणि त्याच्यावर उजवा हात बोलतो. आपल्या आजाराबद्दल सहानुभूती मिळवायची असती तर टेम्पो सैल करणं, सूर लांबवणं फार सोपं होतं, त्यानं ते केलं नाही. ज्याला त्याच्या आजाराबद्दल काही माहीत नाही त्यालाही हे ऐकू येईल. गोष्ट माहीत असल्यावर ते जास्त लागतं, एवढंच. हॅटोच्या बाबतीत गोष्ट काढून टाकल्यावर आपल्याला त्या सुरांबद्दल सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं, आणि तिथंच सगळा फरक आहे.

जिवंत माणसांचं काय होतं तेही बघा. 1980 च्या वॉर्सामधल्या शोपाँ स्पर्धेत इव्हो पोगोरेलिच हा तरुण पियानिस्ट अंतिम फेरीत जाऊ शकला नाही, काही परीक्षकांना त्याचं वादन विक्षिप्त वाटलं, आणि मार्था आर्गेरिच, जी स्वतः 1965 ला तीच स्पर्धा जिंकली होती, तिनं तो जीनियस आहे असं म्हणून परीक्षक मंडळ सोडलं. स्पर्धा जिंकली व्हिएतनामच्या डांग थाय सोननं आणि तोही अस्सल पियानिस्ट आहे, त्याचं नाव ह्या भांडणात झाकलं गेलं ह्याचं मला वाईट वाटतं. पोगोरेलिच बरोबर की परीक्षक हा वाद मला आज उकरायचा नाही. पण आर्गेरिचनं जे केलं ती दाद होती, स्वतःची खुर्ची पणाला लावून दिलेली, आणि ती एका एकवीस-बावीस वर्षांच्या मुलाला दिलेली होती जो अजून कोणीच नव्हता. पन्नास वर्षांपूर्वी गेलेल्या वादकाला थोर म्हणायला काहीही पणाला लावावं लागत नाही.

जुनं ऐकू नका असं मी अजिबात म्हणत नाही, उलट जुनं नीट ऐकलं तर ते आपल्याला मोकळं करतं. रशियन संगीतकार आणि पियानिस्ट रॅखमानिनोव्हनं 1930 मधे शोपाँचा बी फ्लॅट मायनर सोनाटा रेकॉर्ड केला, ज्यात तो प्रसिद्ध अंत्ययात्रेचा मार्च आहे. मधला कोवळा भाग संपून मार्च परत येतो तेव्हा तो एकदम पूर्ण ताकदीनं सुरू करतो आणि मग हळूहळू लहान लहान करत नेतो, यात्रा आपल्यासमोरून जाऊन लांब लांब जावी तसा. शोपाँनं असं लिहिलेलं नाही. आज एखाद्या विद्यार्थ्यानं स्पर्धेत असं केलं तर त्याला पहिल्या फेरीत घरी पाठवतील, आणि पाठवणारे परीक्षक संध्याकाळी रॅखमानिनोव्हचं ते रेकॉर्डिंग लावून माना डोलावतील. ज्यानं स्वातंत्र्य घेतलं म्हणून तो थोर झाला त्याच्या नावानं आपण नव्या मुलांचं स्वातंत्र्य काढून घेतो. हे मला सहन होत नाही.

काही वर्षांपूर्वी एका कॉन्सर्टला मी बीथोवनचा ओपस 109 ऐकत होतो, वाजवणारी तरुण होती, नाव फारसं कोणाला माहीत नसावं. ह्या सोनाटाच्या शेवटी सहा व्हेरिएशन्स, म्हणजे एकाच चालीची बदललेली रूपं, होतात, सहाव्यात तर ट्रिलनी सगळा पियानो थरथरायला लागतो, आणि मग सुरुवातीची साधी चाल परत येते, जवळपास जशीच्या तशी, पण आता आपण तिला वेगळ्या कानांनी ऐकतो. तिनं ती चाल इतकी साधी वाजवली की मला आधी वाटलं ती थकली. मग कळलं की तिनं सगळं खाली ठेवलंय. शेवटचा कॉर्ड झाला, तिचे हात अजून पट्ट्यांवर होते, पाय पेडलवर होता, तारा वाजत होत्या, आणि माझ्या मागून कोणीतरी जोरात ब्राव्हो ओरडलं आणि सगळा हॉल टाळ्यांनी फुटला. तिच्या खांद्यांना झालेला तो छोटासा झटका मी पाहिला. सूर अजून संपला नव्हता. ओरडणाऱ्याला ती मनापासून आवडली असणार, पण त्यानं तिचा शेवटचा स्वर कोणालाच ऐकू दिला नाही. जाताना लिफ्टपाशी दोघं तिघं बोलत होते की चांगली होती हो, पण श्नाबेल तो श्नाबेलच. तिनं त्या शेवटच्या चालीत काय केलं ह्यावर कोणी एक शब्द बोललं नाही, मीही बोललो नाही, खाली जाऊन तिला सांगायला हवं होतं, ते मी केलं नाही आणि अजून मला त्याचं वाईट वाटतं.

म्हणून आता मी एक करतो, आणि दुसऱ्यांनीही करावं असं मला वाटतं. एक सोनाटा घ्यायचा आणि त्यातली एकच जागा घ्यायची, तीन-चार जणांची ऐकायची, त्यात आज वाजवणारा एक तरी असलाच पाहिजे, आणि प्रत्येकानं तिथं काय केलं ते साध्या शब्दांत सांगायचा प्रयत्न करायचा. स्कोअर वाचता येत नसेल तरी चालतं, कान पुरेसे आहेत, फक्त वेळ द्यावा लागतो. सांगता आलं तर दाद द्यायची, आणि ती त्या माणसापर्यंत पोचवायची, तो हयात असेल तर नक्कीच.

डी 960 मधली माझी दुसरी जागा पहिल्या मूव्हमेंटच्या रिपीटची आहे. शूबर्टनं त्या मूव्हमेंटचा पहिला भाग संपल्यावर परत सुरुवातीला जाण्यासाठी नऊ बार लिहिलेत जे दुसरीकडं कुठंच येत नाहीत, दचकत, अडखळत जाणारे, आणि त्यांच्या शेवटी तोच खर्जातला ट्रिल एकदाच पूर्ण ताकदीनं कोसळतो. रिपीट गाळली की हे नऊ बार जगातून नाहीसे होतात. पियानिस्ट आल्फ्रेड ब्रेंडेल ती रिपीट घ्यायचा नाही आणि का घेत नाही ते त्यानं लिहूनही ठेवलं होतं. मला ते कधीच पटलं नाही, शूबर्टनं त्या ट्रिलचा खरा चेहरा दाखवलेली एकमेव जागा कोणी फेकून कशी देऊ शकतं असं वाटायचं, आणि त्यामुळे ब्रेंडेलचं रेकॉर्डिंग मी मोठ्या आदरानं बाजूला ठेवून दिलं होतं. मागच्या महिन्यात ते पुन्हा लावलं, फक्त ह्या जागेसाठी. पहिला भाग एफ मेजरमधे शांतपणे निवत गेला, रिपीट नाही, तो स्फोट नाही, दोन-तीन कॉर्ड, आणि पायाखालची फरशी न हलता खोलीतला उजेड बदलावा तशी ती पहिलीच चाल सी शार्प मायनरमधे आली. तो ट्रिल नव्हता म्हणून ती मला इतकी जवळून ऐकू आली. रिपीट घ्यायलाच हवी असं मी अजूनही म्हणतो. पण त्या रात्री ती जागा मी चार वेळा मागे नेऊन ऐकली.